जादा वजनाची ऑफ-रोड गाडी आणि सस्पेन्शन लिफ्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीला विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), लोखंडी बंपर, रूफ रॅक लावलाय. किती इंचाची लिफ्ट घेऊ?

लिफ्ट म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं. पण इंच नंतर ठरवू. आधी किलो सांगा. स्प्रिंग निवडायची ती गाडीवर कायम असणाऱ्या वजनाला, आणि उंची त्यातून आपोआप ठरते. गॅरेजमध्ये मात्र नेमकं उलटं चालतं : दोन इंचाचं किट मागायचं, बसवायचं, आणि दोन महिन्यांनी गाडी मागून पुन्हा बसली की किटला शिव्या घालायच्या. बहुतेक वेळा किटमध्ये काहीच खोट नसते, ते रिकाम्या गाडीसाठी बनवलेलं असतं इतकंच.

कुठल्या वस्तूचं किती वजन धरायचं?

अंदाजाचे आकडे असे. पुढचा लोखंडी बंपर ४० ते ६० किलो. साडेनऊ हजार पौंडी विंच तारेच्या दोरासकट ३६ ते ४० किलो. तार काढून सिंथेटिक दोर घातला तर त्यातले आठ-दहा किलो वाचतात, तेही अगदी नाकावरचे. दुसरी बॅटरी १८ ते २५. दोन्ही बाजूंचे रॉक स्लायडर (दारांखालचे लोखंडी दांडे) मिळून ४० ते ५०. लोखंडी रूफ रॅक २५ ते ४० आणि त्यावरचा तंबू ५० ते ७०. छोटा फ्रिज रिकामा १५ ते २०. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, वीस लिटर डिझेल साधारण १७, शिवाय कॅनचं वजन. हाय-लिफ्ट जॅक, बेल्ट, शॅकल, फावडं, पान्यांची पेटी मिळून २५ ते ३५. जाड ऑल-टेरेन टायर लोखंडी रिमवर असेल तर एकटी स्टेपनी ३५ च्या आसपास.

ही बेरीज करून पाहा. ‘माझ्या गाडीवर फारसं काही नाही’ म्हणणाऱ्याचाही आकडा दीडशेच्या वर जातो.

बेरीज पुरेशी आहे का, की वजनकाट्यावर जायलाच हवं?

जायलाच हवं. गोव्यात डिचोली, सांगे या खाणपट्ट्यात काटे पुष्कळ आहेत. शिवाय खडीवाले, भंगारवाले यांच्याकडेही असतात. शक्य असेल तर लहान काटा बघा. मोठ्या ट्रकच्या काट्याची किमान नोंद बहुधा ५ किंवा १० किलोची असते, त्यामुळे बारीक फरक दिसत नाही.

टाकी पूर्ण भरून आणि फक्त चालक बसवून तीन वजनं घ्या : पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची चाकं काट्यावर. काट्याचा फलाट आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी. गाडी तिरकी असली की एक्सलचे आकडे चुकतात. पुढचं आणि मागचं मिळून एकूण वजनाच्या जवळपास येत नसेल तर पुन्हा घ्या. हँडब्रेक ओढू नका, न्यूट्रलमध्ये ठेवा. मग हेच सगळं सहलीचं सामान भरून आणि माणसं बसवून करा. या सहा आकड्यांवर स्प्रिंग निवडता येते.

वजन गाडीत कुठे आहे याने फरक पडतो का? एकूण तर तेवढंच.

पडतो, आणि लोक इथेच फसतात. थारच्या तीन दारी मॉडेलचा व्हीलबेस, म्हणजे दोन एक्सलमधलं अंतर, २४५० मिमी आहे. समजा, बंपर आणि विंच मिळून ९० किलो पुढच्या एक्सलच्या ७०० मिमी पुढे टांगलेत. एक्सल इथे तरफेचा टेकू होतो, म्हणून पुढच्या एक्सलवर ९० नाही तर ११६ किलो वाढतात आणि मागच्या एक्सलवरचे २६ कमी होतात. तसंच मागच्या दारावर जड स्टेपनी आणि कॅन मिळून ६० किलो एक्सलच्या ८०० मिमी मागे असतील, तर मागे ८० वाढतात आणि पुढचे २० उचलले जातात.

म्हणून दोन एक्सलच्या मधल्या सामानाला आम्ही जवळजवळ माफ करतो. स्लायडर, मधल्या सीटच्या पायाशी ठेवलेलं पाणी, सीटखालची पान्यांची पेटी हे पुढे-मागे वाटलं जातं. लिफ्टवर पैसे घालण्याआधी सामानाची जागा बदलून बघा. ते फुकटात होतं.

स्प्रिंग किती कडक घ्यायची याचा काही हिशोब?

आहे, आणि तो सोपा आहे. मागे सलग एक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) आणि कॉइल (वेटोळ्यांची स्प्रिंग) असलेली गाडी घेऊ. काट्यावर मागचं वजन ८५० किलो आलं. त्यातून एक्सल, चाकं, ब्रेक यांचं १५० वजा करा, कारण ते स्प्रिंगच्या खाली असतं. उरले ७००, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगवर ३५०. स्प्रिंगचा दर, म्हणजे एक मिमी दबायला लागणारं वजन, ३ किलो प्रति मिमी असेल तर ती ११७ मिमी दबलेली असते.

आता कायमचे २०० किलो वाढले. प्रत्येक स्प्रिंगवर ४५० झाले, ती १५० मिमी दबली, गाडी ३३ मिमी खाली बसली. यावर कुणी त्याच दराची पण ४० मिमी उंचीची ‘लिफ्ट स्प्रिंग’ विकली तर हातात येतात ७ मिमी.

योग्य उत्तर असं : वजन ७०० वरून ९०० झालं, म्हणजे सुमारे २९ टक्के वाढ. दरही तितकाच वाढवा, ३ चा ३.९ करा. ४५० भागिले ३.९ म्हणजे ११५ मिमी. गाडी होती त्याच उंचीवर आली, आणि झुलण्याचा वेगही मूळ गाडीसारखाच राहिला, म्हणून अंगाला कडक लागत नाही. वर ४० मिमी उंची हवी असेल तर याच दराची, मोकळी लांबी ४० मिमी जास्त असलेली स्प्रिंग घ्यायची.

याची दुसरी बाजूही बघा. हे २०० किलो घरी उतरवून ठेवले तर तीच स्प्रिंग फक्त ९० मिमी दबते, मागची बाजू २५ मिमी वर येते आणि खड्ड्यात पाठ शेकते.

पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली दोन हातांनी धरलेलं) असेल तर हा सरळ भागाकार चालत नाही. तिथे स्प्रिंग चाकाच्या आत, हाताच्या मध्ये बसते. चाक एक मिमी हललं तर स्प्रिंग किती मिमी दबते, हे गुणोत्तर धरा. चाकाला जाणवणारा दर म्हणजे स्प्रिंगचा दर गुणिले त्या गुणोत्तराचा वर्ग. गुणोत्तर ०.६ असेल तर ६ किलो प्रति मिमीची स्प्रिंग चाकापाशी २.१६ इतकीच भरते. म्हणून पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगच्या आकड्यांची तुलना करत बसू नका.

‘कायमचं वजन’ आणि ‘कधीतरीचं वजन’ यात सीमारेषा कुठे?

जे बोल्टने बसवलंय ते कायमचं. सोमवारी ऑफिसला जातानाही गाडीत असतं तेही कायमचं. वर्षातून दोनदा लावलेला तंबू, चतुर्थीला गावी जाताना माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळं-भाज्यांच्या) सामानासकट भरलेली डिकी आणि मागे बसलेले तिघे, हे कधीतरीचं. स्प्रिंग पहिल्यासाठी घ्यायची. दुसऱ्यासाठी मागच्या कॉइलच्या आत बसणारी हवेची पिशवी बरी : रिकाम्या गाडीत ५ पीएसआय, भरलेल्यात पिशवीच्या मर्यादेनुसार ३० पर्यंत. पूर्ण रिकामी ठेवली तर ती कॉइलमध्ये चिमटते आणि फाटते.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पिकअपला मात्र एक्सल आणि चासीच्या मध्ये लावायच्या पिशव्या जपून. पाटे वजन चासीवर दोन ठिकाणी देतात, पिशवी ते एकाच ठिकाणी देते. मागच्या हौद्यात आणि त्याच्याही मागे वजन, पिशवीत भरपूर हवा, वर आपटणारा रस्ता, अशात चासी वाकलेल्या पिकअप जगभर सापडतात. पिशव्या हव्याच असतील तर वजन एक्सलच्या पुढे आणा.

जड स्प्रिंग घातली म्हणजे गाडीची वजन वाहायची क्षमता वाढली ना?

नाही. कंपनीने ठरवलेलं कमाल वजन ब्रेक, एक्सल, बेअरिंग, चासी आणि टायर मिळून ठरतं. त्यातली फक्त एक वस्तू तुम्ही बदलली. पाच दारी जिम्नीचं कमाल वजन १५४५ किलो आणि रिकामी गाडी सुमारे १२०० किलो. उरलेल्या साडेतीनशेत चार माणसांचे २८० गेले की बंपर, विंच, रॅक या सगळ्यांना मिळून सत्तरच किलो. लोखंडी बंपर आणि विंच लावून चौघे बसले की मर्यादा ओलांडलीच. अशा हलक्या गाडीला आम्ही सरळ सांगतो : विंच काढा, हातविंच आणि दोन चांगले बेल्ट ठेवा.

टायरवरचा भार-अंकही बघा. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, तेही पूर्ण हवेवर.

स्पेसर टाकून स्वस्तात भागेल का?

उंची मिळेल, दम मिळणार नाही. स्पेसर म्हणजे स्प्रिंगच्या वर किंवा खाली घालायची चकती. तिने स्प्रिंगचा दर बदलत नाही, त्यामुळे भरलेली गाडी पूर्वीइतकीच बसते, फक्त वरच्या पातळीवरून बसते. पुढच्या स्ट्रटच्या डोक्यावर ठेवलेला २५ मिमीचा स्पेसर त्याच गुणोत्तरामुळे चाकापाशी ४० मिमीच्या आसपास होतो, हे बऱ्याच फिटरांनाही ठाऊक नसतं. ‘एक इंचाचाच तर आहे’ म्हणून बसवतात, आणि चाक पूर्ण लोंबलं की वरचा हात कॉइलला घासतो, बॉल जॉइंट टोकाला जातो, सीव्ही जॉइंटचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचं) रबर महिनाभरात चिरतं. रिकाम्या गाडीत पुढचं नाक किंचित उचलायला १० मिमीचा तुकडा ठीक. जादा वजनावर इलाज म्हणून नको.

बॉडी लिफ्ट?

म्हणजे चासीवरून फक्त बॉडी उचलणं. मोठे टायर फेंडरला लागू नयेत यापुरती. वजनाशी तिचा संबंध नाही.

जुन्या थारच्या पुढे कॉइल नाहीच. तिथे काय?

२०१० ते २०२० च्या सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आणि मागे पाटे आहेत. टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की नाक वर येतं, पाच मिनिटांचं काम. पण बारचा दर तोच राहतो. तुम्ही फक्त त्याला आधीच पिळून ठेवता. चाकाचा खाली जाण्याचा प्रवास तेवढा कमी होतो, आणि वाटेतल्या प्रत्येक खाचेत ठक्क असा आवाज येऊन हात खाली जाण्याच्या टोकाच्या स्टॉपला आपटतो. विंचने बसलेलं नाक मूळ उंचीवर आणण्यापुरतं आवळा. त्याच्या वर उंची हवी असेल तर जाड बार शोधा.

पाट्यांच्या गाडीत एक पाटा वाढवला की झालं, असं फिटर म्हणतो.

निम्मं खरं आहे. जिप्सी, जुन्या जीप, बोलेरोची मागची बाजू, पिकअप, सगळीकडे हा उपाय चालतो आणि योग्य केला तर टिकतो. पण तीन गोष्टी तपासून घ्या.

नवा पाटा बाकीच्यांच्या कमानीत बसतो का? जास्त वाकडा पाटा जोर करून आवळला तर मुख्य पाट्यावर त्याच्या टोकाशी ताण येतो आणि तो तिथेच तुटतो. आखूड पाट्यापेक्षा लांब पाटा बरा, भार पसरतो. दुसरं, मधला सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट दोन्ही लांब लागतात. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, ते एकदा ताणले की ताणले. नवे बसवल्यावर गाडी पूर्ण वजनावर उभी करून आवळा, आणि दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा. सैल यू-बोल्टमुळे सेंटर बोल्ट कातरला जातो आणि एक्सल मागे सरकतो. तिसरं, नुसता लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा दुवा) लावून उंची काढू नका. वजन पेलण्यात त्याचा काही हातभार नाही, आणि पुढच्या एक्सलला लावला तर कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) बिघडून गाडी रस्त्यावर भरकटते.

जुने पाटे थकून सपाट झाले असतील तर त्यात पाटा वाढवणं म्हणजे पैसे वाया. आख्खा संच बदला.

शॉकअप मूळचेच ठेवले तर?

मूळ उंचीच्या जवळ राहून फक्त जड स्प्रिंग घातली असेल आणि शॉकअप नवे असतील तर काही काळ चालेल. पण कडक स्प्रिंग दबल्यावर जास्त जोराने परत उसळते. तिला आवरायला शॉकअपचं रिबाउंड वाढलेलं हवं. नाहीतर एका स्पीडब्रेकरवरून गाडी तीनदा डुलते.

उंची वाढवली तर लांबीचा प्रश्न येतो. ५० मिमी लिफ्टला शॉकअपची उघडी लांबीही तितकीच वाढायला हवी. नाहीतर चाक लोंबतं तेव्हा सगळं एक्सल शॉकअपच्या दांड्यावर टांगलं जातं आणि आतलं पिस्टन उपटतं. उलट फार लांब शॉकअप घेतला तर दबताना तो बंप स्टॉपच्या (एक्सल वर आपटू नये म्हणून लावलेल्या रबरी ठोकळ्याच्या) आधीच संपतो आणि माउंट फाडतो. तपासायची रीत अशी : स्प्रिंग काढा, शॉकअप लावा, जॅकने एक्सल बंप स्टॉपला टेकेपर्यंत उचला. दांडा अजून १५ ते २० मिमी बाहेर दिसला पाहिजे. दिसत नसेल तर बंप स्टॉप खाली आणा. मग एक्सल पूर्ण खाली सोडा आणि ब्रेक होज, एबीएसची वायर, ब्रीदर पाइप (एक्सलच्या आतल्या हवेला वाट देणारी नळी), हँडब्रेकची केबल बोटाने हलवून पाहा. कशालाही ताण नको. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि बहुतेक ठिकाणी ते टाळलं जातं. गाडी सोडायला जाल तेव्हा हे करून दाखवा, असं आधीच सांगा.

मग गोव्यासाठी किती उंची पुरे?

भरलेल्या गाडीवर मोजून ३० ते ५० मिमी. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर ५० च्या वर जाऊच नका, सीव्ही जॉइंटचा कोन बिघडतो आणि मग वरचे हात, डिफ (डिफरन्शिअल, चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) खाली घेणं असे खर्च मागोमाग येतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. सलग एक्सलच्या गाडीत लिफ्टने डिफचा गोळा जमिनीपासून एक मिलिमीटरही उचलला जात नाही. तो फक्त मोठ्या टायरने उचलला जातो, आणि टायरचा व्यास २५ मिमी वाढला तर साडेबारा मिमी. सत्तरीतल्या पायवाटांवर चिरे वर आलेले असतात, तिथे पोट वाचतं लिफ्टमुळे पण डिफ वाचतो चाक कुठे ठेवलं त्यामुळे.

पाण्याचंही तसंच. दोन इंच लिफ्टने हवेचा इनटेक दोनच इंच वर जातो. पावसात ओहोळ ओलांडायचे असतील तर एक्सलचे ब्रीदर पाइप उंच नेऊन बांधणं जास्त कामाचं. तापलेलं एक्सल थंड पाण्यात शिरलं की आत हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. डिफचं तेल दुधाळ दिसलं की समजा.

लिफ्टनंतर स्टिअरिंग साठ-सत्तरला थरथरतं. किट खराब?

जिम्नी, जिप्सीसारख्या पुढे सलग एक्सलच्या गाडीत ही नेहमीची तक्रार. थरथर बहुधा आधीपासून लपलेली असते : किंगपिन बेअरिंग सैल, चाकांचं बॅलन्सिंग नाही, टाय रॉडचं टोक झिजलेलं. जिम्नीत पॅनहार्ड रॉडचा (एक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याचा) बुश खाल्लेला असणं हेही एक नेहमीचं कारण. लिफ्टने एक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो, मग ती बाहेर येते. आधी झिजलेले भाग बदला, मग कॅस्टर सुधारणारे बुश घाला. फक्त स्टिअरिंग डॅम्पर बदलणं म्हणजे लक्षण झाकणं.

यांपैकी जिम्नीसारख्या कॉइलच्या गाड्यांत लिफ्टने पॅनहार्ड रॉडमुळे एक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. मागून बघितलं की एका बाजूचं चाक जास्त बाहेर दिसतं. लांबी बदलता येणारा रॉड घ्या.

ब्रेक पूर्वीसारखे लागत नाहीत असं वाटतं. वहम आहे का?

वहम नसेलही. काही गाड्यांत, विशेषतः पिकअप आणि जुन्या एसयूव्हींत, मागच्या एक्सलला जोडलेला भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू वर आली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचे ब्रेक हलके करतो. गाडी भरलेली, चोर्ला घाटाची उतरण, आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर. व्हॉल्व्हचा ब्रॅकेट लिफ्टइतका सरकवून घ्यावा लागतो. किटसोबत तो तुकडा येतो का, विचारा.

उंची नेमकी कुठून मोजायची?

चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजाल तर टायरमधली हवाही आकड्यात येते. सपाट फरशी, भरलेली टाकी, गाडी दोन-चार मीटर पुढे-मागे ढकलून मग चारही चाकं मोजा आणि लिहून ठेवा. नवी कॉइल पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ५ ते १० मिमी बसते, ते धरूनच ठरवा. उजवी बाजू थोडी खाली असणं नेहमीचं, चालक तिथेच बसतो. फरक १० मिमीच्या वर असेल तर त्या बाजूला पातळ पॅकर टाकतात.

आरटीओ आणि विमा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. कलम १८२-अ खाली परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं आहे. तो बंपर अजून घेतला नसेल तर घेऊ नका. विम्याला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी नडतो. म्हणून काम करण्याआधी वाहतूक खात्यात विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, आणि मूळ स्प्रिंग-शॉकअप भंगारात न देता घरी ठेवा.

आणि उंच गाडी मिळाली म्हणून ती पुळणीवर उतरवू नका. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे, गुन्हा नोंदला जातो. दूधसागरलाही कुळ्याहून नोंदणीकृत जीपच जातात, खाजगी गाडीला ती वाट नाही.

लिफ्टने गाडी उलटण्याचा धोका वाढतो का?

वाढतो. सर्वात जास्त वाढतो तो रूफ रॅकवरच्या वजनाने. छतावरचे ६० किलो हे फरशीवरच्या ६० किलोंसारखे नसतात. अनमोड घाटाच्या वळणावर तंबू लादलेली उंच गाडी पूर्वीच्या वेगाने घातली की फरक पोटात जाणवतो. पाणी आणि अवजारं खाली, छतावर फक्त हलकं आणि मोठं सामान.

फेरीबोटीत मागचा बंपर घासतो. लिफ्टने जाईल?

मागची बाजू वजनाने बसली असेल तर नक्की फरक पडेल, कारण ओहोटीला रॅम्पचा चढ-उतार तीव्र होतो आणि एक्सलच्या मागचा भाग आधी टेकतो. पण घासणारी वस्तू टोइंगचा हुक किंवा खाली लोंबणारा स्टेपनी-कॅरिअर असेल तर आधी ती वर घ्या.

बसवल्यावर काय काय करून घ्यायचं?

व्हील अलाइनमेंट. हेडलाइट खाली करणं, नाहीतर समोरचा प्रत्येक जण तुम्हाला डिपर देईल. आणि एक गोष्ट जी फिटर हमखास विसरतो : रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे. चाकं लोंबत असताना आवळले तर बुश त्या स्थितीत पकडला जातो, गाडी खाली आली की कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. लिफ्टनंतर येणाऱ्या कर्रकर्र आवाजाचं हे पहिलं कारण. शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, हजारावर परत एकदा.

इथल्या हवेत स्प्रिंग किती टिकते?

किनारपट्टीला स्टील खारं वारं खातं आणि आत सत्तरी-सांग्यात तांबडी माती. कॉइलचा खालचा वेटोळा सीटमध्ये बसतो तिथे चिखल साचतो, रंग घासून निघतो, गंज लागतो आणि स्प्रिंग बहुधा तिथूनच तुटते. पावसाळ्यात चिखलातून आल्यावर गोड्या पाण्याचा पाइप खालून त्या सीटवर धरा, लाल पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरला की एकदा गाडी जॅकवर घेऊन रंग उडालेल्या जागा खरवडा, प्रायमर आणि रंग लावा. पाट्यांमध्ये गंज फुगला असेल तर संच उघडून, घासून, ग्रॅफाइट ग्रीस लावून बसवा. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर गंजाचा ठिपका दिसला तर तो सील कापणारच, तेल गळायच्या आधी जोडी बदलायचा हिशोब धरा.